शिबिर केंद्राचा वर्धापन दिन आणि सामूहिक पूजा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धापन दिन जवळ आला की तेच तेच प्रश्न येतात, फोनवर येतात, ग्रुपवर येतात, आणि सगळ्यात जास्त हॉलच्या दारात चपला काढता काढता येतात. म्हणून ते इथे एकत्र केलेत. माणसं काही दिवस येऊन राहतात, ध्यान करतात, धम्म शिकतात अशा कुठल्याही बौद्ध शिबिर केंद्राला ही उत्तरं चालतील. जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे तसं सांगितलंय.

सगळं अनित्य आहे असं शिकवता, मग जागेचा वाढदिवस कशाला?

अनित्य आहे म्हणूनच. शिबिर केंद्र आपोआप टिकत नाही, दर वर्षी कोणीतरी गळणारं छप्पर बघतं, कोणीतरी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून घंटा वाजवतं, कोणीतरी शंभर माणसांची भांडी घासतं, कोणीतरी हिशोब लिहितं, आणि हे सगळं थांबलं तर चांगली बांधलेली इमारतसुद्धा फार लवकर नुसती इमारत उरते. अनित्य म्हणजे कारणं आहेत तोवर असलेलं. वर्धापन दिनाला आपण एकत्र बसून त्या कारणांकडे बघतो, त्यांचे आभार मानतो आणि पुढच्या वर्षासाठी आपण स्वतः त्यातलं एक कारण व्हायचं ठरवतो. एवढंच आहे, पण हे एवढंच पुष्कळ आहे.

याला जुन्या ग्रंथांत काही आधार आहे का, की आपणच काढलेली पद्धत?

'विहाराचा वर्धापन दिन' असा वार्षिक विधी विनयात, म्हणजे भिक्खूसंघाच्या नियमांच्या ग्रंथात, सांगितलेला नाही. तिथे उपोसथ (पौर्णिमा-अमावस्येला जमणं) आहे, वर्षावास (पावसाळ्यात एका जागी राहणं) आहे, प्रवारणा (वर्षावास संपताना एकमेकांना आपल्या चुका सांगायची विनंती करणं) आहे, कठिन (त्यानंतरचं चीवराच्या कापडाचं दान) आहे. पण जागा दान देणं आणि त्या दानाचं अनुमोदन करणं हे मात्र अगदी सुरुवातीपासून आहे. राजगृहात बिंबिसार राजाने सोन्याच्या झारीतून पाणी सोडून वेळुवन संघाला दिलं. तरी तेव्हा भिक्खू राहायचे झाडाखाली, डोंगरात, गुहेत, स्मशानात. मग राजगृहाच्या एका श्रेष्ठीने, म्हणजे श्रीमंत व्यापाऱ्याने, त्यांना तसं पहाटे रानातून बाहेर येताना पाहिलं आणि विचारलं की मी विहार बांधले तर तुम्ही राहाल का, आणि बुद्धांची परवानगी मिळाल्यावर त्याने एका दिवसात ६० विहार उभे केले असं विनयाच्या चुल्लवग्गात आहे. त्या वेळी बुद्धांनी ज्या गाथा म्हटल्या त्यात येतं की विहार थंडी-उन्हापासून, जनावरांपासून, पावसापासून वाचवतो, आणि पुढे, 'झायितुं च विपस्सितुं', म्हणजे ध्यान करायला आणि विपश्यना करायला जागा मिळते म्हणून संघाला विहार देणं हे दान श्रेष्ठ.

माझ्या मते वर्धापन दिनाला सगळ्यात आधी याच गाथा वाचाव्यात. आपलं केंद्र कशासाठी आहे ते त्यात सरळ सांगितलंय. त्याच श्रेष्ठीचा मेहुणा अनाथपिंडिक, ज्याने जेत राजकुमाराच्या बागेवर नाणी पसरून श्रावस्तीचं जेतवन घेतलं आणि जिथे परंपरेप्रमाणे बुद्धांचे १९ वर्षावास झाले. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते, ६० विहारांची फार कमी जणांना.

बुद्धांनी कर्मकांड नाकारलं, मग पूजा, फुलं, दिवे हे काय आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो आलाच पाहिजे, कारण न विचारता पूजेला बसलेला माणूस नुसता हात जोडून बसतो.

बुद्धांनी नाकारलं ते 'शीलव्रत-परामर्श', म्हणजे नुसता विधी केला की मुक्ती मिळते ही समजूत. स्रोतापन्न होताना, म्हणजे मुक्तीच्या मार्गाचा पहिला टप्पा गाठताना, जी तीन बंधनं तुटतात त्यातलं ते एक. पशुबळी नाकारले, नदीत अंघोळ करून पाप धुतलं जातं हे नाकारलं. पण दीघनिकायात (बुद्धांच्या उपदेशांचा एक संग्रह, पुढे येणारे अंगुत्तर, संयुत्त, मज्झिम निकायही तसेच) सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करताना भेटतो तेव्हा बुद्ध त्याला 'हे बंद कर' म्हणत नाहीत, ते त्याला सांगतात की पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायको-मुलं, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे कामाला असलेली माणसं, वरची म्हणजे श्रमण, आणि यांच्याशी नीट वागणं हाच त्या दिशांना खरा नमस्कार. विधी तोच, अर्थ पूर्ण बदलला. आपण पूजेत जे करायचं ते हेच.

अंगुत्तर निकायात पूजेचे दोन प्रकार सांगितलेत, आमिष पूजा म्हणजे वस्तूंनी केलेली आणि धम्म पूजा, आणि या दोनात धम्म पूजा श्रेष्ठ. महापरिनिब्बान सुत्तात बुद्धांच्या आयुष्यातल्या शेवटच्या रात्री दोन शालवृक्षांना अवेळी बहर येतो, बुद्धांच्या अंगावर फुलं पडतात, तेव्हाही ते आपले सेवक-शिष्य आनंद यांना म्हणतात की तथागताचा (म्हणजे बुद्धांचा) खरा सन्मान याने होत नाही, जो भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका धम्माप्रमाणे वागते ती खरी पूजा करते. आता कोणी म्हणेल मग फुलं सोडाच. पण फूल वाहताना आपण काय म्हणतो ते बघा: 'पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं', जसं हे फूल कोमेजतं तसं माझं शरीरही नाशाकडे जातंय. हातात फूल धरून, त्याच्याकडे बघून हे म्हणायचं. हे अनित्यतेचं ध्यानच आहे, डोळे उघडे ठेवून आणि बाकीच्यांच्या सोबत केलेलं. दिव्याचंही तसंच, तिथे बुद्धांना 'तमोनुद' म्हटलंय, अंधार घालवणारा. मूर्तीकडे मागायचं काही नसतं, नवस नसतो, कौल नसतो. बुद्ध प्रसन्न होऊन काही देणार आहेत असं पूजेत कुठेच नाही.

मग घरी एकट्याने केली तर चालणार नाही का?

चालेल की, रोज करा. पण सामूहिक पूजेत जे होतं ते वेगळं होतं. संयुत्त निकायात आनंद म्हणतात की चांगले मित्र म्हणजे अर्धं ब्रह्मचर्य (इथे अर्थ धम्माचं जीवन), त्यावर बुद्ध म्हणतात, असं म्हणू नको आनंद, कल्याणमित्रता म्हणजे संपूर्ण ब्रह्मचर्य. आणि वज्जींच्या, म्हणजे त्या काळच्या एका गणराज्यातल्या लोकांच्या, संदर्भात जे न ढासळण्याचे नियम सांगितले त्यातले पहिले दोन काय आहेत? वारंवार एकत्र जमणं, आणि एकोप्याने जमून एकोप्याने उठून एकोप्याने कामं करणं. भिक्खूसंघालाही तेच नियम लावले. म्हणजे एकत्र जमणं ही सोयीची बाब नाहीये, संघ टिकण्याची ती पहिली अट आहे.

अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे रानात एकत्र राहायचे, बुद्धांनी विचारलं कसे राहता, तर अनुरुद्ध म्हणाले दूध-पाण्यासारखे मिसळून, एकमेकांकडे प्रेमाच्या नजरेने बघत. माझं चित्त बाजूला ठेवतो आणि या दोघांच्या चित्ताप्रमाणे वागतो, असंही ते म्हणाले. सामूहिक पूजेत नेमका हाच सराव होतो, माझा आवाज मोठा असेल तर मी थोडा उतरवतो, शेजारची आजी हळू म्हणतेय तर मी थांबतो, माझी आवडती चाल नाहीये तरी सगळ्यांच्या चालीत म्हणतो. अर्धा-पाऊण तास का होईना, 'मी' मागच्या बाकावर जातो.

आणि एकत्र म्हटलेल्या शब्दांनी काय होऊ शकतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणींकडून त्रिसरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं आणि पाच नियम) घेतलं आणि मग स्वतः लाखो लोकांना दिलं, २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या लोकांनी एका आवाजात त्या म्हटल्या. तेही एकत्र केलेलं शरणगमनच होतं.

सप्तांग पूजा म्हणतात ती कोणती? आम्हाला फक्त बुद्ध वंदना माहीत आहे.

बुद्ध वंदना, त्रिसरण, पंचशील, त्रिरत्न वंदना हे येत असेल तर पाया तुमच्याकडे आहेच. सप्तांग पूजा, हिला सप्तविध अनुत्तर पूजाही म्हणतात, ही महायान परंपरेतली सात टप्प्यांची पूजा. तिचा सगळ्यात सुंदर काव्यरूप विस्तार आठव्या शतकातल्या नालंदाच्या शांतिदेवांच्या बोधिचर्यावतारात, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदांत आहे. लंडनला १९२५ साली जन्मलेले आणि पुढे भारतात दीर्घकाळ राहून नवदीक्षित बौद्धांमध्येही काम केलेले संघरक्षित यांनी १९६७ मध्ये जो संघ सुरू केला, आजचा त्रिरत्न बौद्ध महासंघ, त्यात ही पूजा नेहमी होते, मधे प्रज्ञापारमिता हृदय सूत्र आणि शेवटी मंत्र म्हणतात. म्हणून बऱ्याच जणांनी ती पहिल्यांदा शिबिरातच ऐकलेली असते.

टप्पे असे. पहिला पूजा, अर्पण करणं. शांतिदेव म्हणतात मी महादरिद्री आहे, माझ्याकडे द्यायला काही नाही, म्हणून ज्यावर कोणाचीच मालकी नाही ते मी मनाने अर्पण करतो, रानातली फुलं, डोंगर, एकांत वनं, स्वच्छ पाणी. शिबिर केंद्रात बसून हे वाचताना अंगावर काटा येतो कारण खिडकीबाहेर बहुतेक वेळा तेच असतं. दुसरा वंदना. तिसरा शरणगमन, बुद्ध, धम्म, संघाला.

चौथा पापदेशना, म्हणजे आपल्या चुका उघड मान्य करणं. इथे लोक बिचकतात. सगळ्यांसमोर उठून सांगायचं नसतं, सगळे मिळून ओळी म्हणतात आणि ज्याचं त्याला आत कळतं. अपराधी वाटून घेणं हा हेतू नाही, पुन्हा करणार नाही हे म्हणणं आहे. वर्धापन दिनाला या टप्प्याला एक जास्तीचा अर्थ येतो, कारण केंद्र म्हणूनही वर्षभरात गोष्टी चुकलेल्या असतात, कोणाशी तुसडेपणाने बोललं गेलं, कोणाच्या कामाकडे लक्ष गेलं नाही, कोणी नाराज होऊन यायचं बंद झालं. पूजेच्या आधी चालवणाऱ्या मंडळींनी आपापसात बसून हे बोलून घ्यावं आणि मगच पूजेला यावं. माझं ठाम मत आहे की हे नाही केलं तर चौथा टप्पा कोरडा जातो.

पाचवा पुण्यानुमोदना, इतरांच्या चांगल्या कामात आनंद मानणं. वर्धापन दिनाचा गाभा हाच, खाली सत्काराच्या प्रश्नात सविस्तर लिहिलंय. सहावा अध्येषणा आणि याचना, म्हणजे ज्यांना कळलंय त्यांनी आम्हाला शिकवत राहावं, आम्हाला सोडून जाऊ नये अशी विनंती. सातवा परिणामना, या सगळ्यातून जे पुण्य झालं ते सगळ्या प्राणिमात्रांना वाटून टाकणं, स्वतःकडे काही न ठेवणं.

दिवसाचं टाइमटेबल कसं ठेवायचं?

गर्दीचं ठेवू नका, एवढंच पहिल्यांदा सांगेन. सकाळी ध्यान (आनापानसती म्हणजे श्वासावरचं, किंवा मेत्ता भावना म्हणजे मैत्रीचं), मग त्रिसरण-पंचशील, एखादी छोटी धम्मदेसना, दुपारी जुन्या-नव्या लोकांच्या गप्पा आणि परिसरात फेरी, संध्याकाळी मुख्य पूजा. ज्यांना जमेल त्यांनी त्या दिवसापुरतं अष्टशील (आठ नियमांचं व्रत) घ्यावं, मग दुपारनंतर जेवण नाही हे लक्षात ठेवून जेवणाची वेळ बाराच्या आत बसवायला लागते, हे स्वयंपाकघराला आधीच सांगा.

मुख्य पूजा संध्याकाळीच बरी. दिवसभरात मन जरा निवलेलं असतं, उशिरा येणारे पोचलेले असतात आणि दिव्यांना अर्थ असतो. पूजेच्या आधी वीस मिनिटं तरी शांत बसा. धावत पळत हॉलमध्ये येऊन थेट गाथा सुरू केल्या तर आवाज लागतो पण मन लागत नाही. आणि पूजा झाल्यावर लगेच माईकवर 'जेवण तयार आहे, गाड्या काढा' असल्या सूचना नकोत, त्या आधीच देऊन ठेवा, पूजेनंतर लोकांना पाच-दहा मिनिटं गप्प बसू द्या.

भाषणं, सत्कार, प्रमुख पाहुणे?

माझं मत: शक्य तितकं कमी, पूजेच्या हॉलमध्ये तर अजिबात नको. हार-शाल-श्रीफळ सुरू झालं की दोन तास जातात, ज्यांची नावं राहिली ते दुखावतात आणि जमलेली माणसं प्रेक्षक होतात. सामूहिक विधीत प्रेक्षक कोणीच नसतो, हाच तर त्याचा फायदा आहे.

त्याऐवजी पुण्यानुमोदनेच्या टप्प्यावर पूजा थोडी थांबवायची आणि केंद्रासाठी झालेली कामं शांतपणे वाचायची. जमीन देणारे, पहिली वीट लावणारे, पण तितक्याच आवाजात भाजी चिरणारे, संडास धुणारे, आजारी शिबिरार्थ्याला रात्री डॉक्टरकडे नेणारे. नावांपेक्षा कामं वाचली तर जास्त चांगलं, कारण मग कोणाचं नाव राहिलं हा प्रश्न येत नाही आणि ज्याने ते केलंय त्याला कळतंच. प्रत्येक कामानंतर सगळ्यांनी 'साधू', म्हणजे 'छान केलं', म्हणायचं. जमलेल्यांपैकी कोणाला भर घालायची असेल तर बसल्या जागेवरून एक वाक्य बोलू द्या. हे मी ज्या ज्या ठिकाणी पाहिलंय तिथे लोक डोळे पुसत होते, आणि सत्कार समारंभात असं होताना फारसं दिसत नाही.

आम्हाला पाली येत नाही, चुकलं तर?

चुकू द्या. एकाने ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी मागून म्हणायची ही पद्धत त्यासाठीच आहे. छापील कागद द्या, अक्षर मोठं ठेवा, ओळीखाली सोप्या मराठीत अर्थ द्या आणि पूजेच्या आधी एकाने तो अर्थ एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. म्हणणाऱ्याने वेग कमी ठेवायचा, श्वासाला जागा द्यायची. माईक असलाच तर फक्त पुढच्या आवाजाला, आणि तोही एवढाच की लोकांना स्वतःचा आवाज ऐकू येईल, नाहीतर स्पीकर पूजा करतो आणि माणसं ऐकत बसतात. कॅसेट किंवा मोबाईलवर वंदना लावून उभं राहणं तर नकोच, कितीही सुरेल असली तरी.

पूजास्थान कसं मांडायचं?

मध्यभागी बुद्धमूर्ती किंवा चित्र, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडं उंच. फुलं, दिवे, धूप हे तीन मुख्य. तिबेटी पद्धतीत पाण्याचे सात वाडगे ओळीने ठेवतात, डावीकडून उजवीकडे भरत जायचं, दोन वाडग्यांमध्ये धान्याच्या दाण्याएवढं अंतर ठेवायचं, आणि संध्याकाळी उलट क्रमाने रिकामे करायचे. पाणी का, तर ते सगळ्यांना मिळतं, आणि देताना कोणाला जड जात नाही की मिरवावंसंही वाटत नाही. मला ही पद्धत फार आवडते म्हणून नव्या लोकांना मुद्दाम दाखवतो.

प्लास्टिकची फुलं नकोत, वर जी गाथा लिहिलीये ती त्यांच्यासमोर म्हणता येत नाही, ती कोमेजतच नाहीत. वर्धापन दिनापुरती एक गोष्ट करता येते: जागेचा पहिला फोटो, पहिली घंटा, पहिल्या शिबिराची वही असं काही असेल तर ते बाजूच्या टेबलवर मांडा. मूर्तीच्या पायाशी माणसांचे फोटो ठेवणं मात्र टाळा. आणि पडदे, कागदी सजावट मेणबत्त्यांपासून लांब, एक जण फक्त दिव्यांवर लक्ष ठेवायला, बादलीभर पाणी हाताशी. हे सांगावं लागतं.

आमच्यात थेरवादी आहेत, तिबेटी परंपरेचे आहेत, झेनवाले आहेत, नुसते ध्यानाला येणारेही आहेत. एकच पूजा कशी करायची?

शरणगमन सगळ्यांचं एकच आहे, तिथून सुरू करा. त्रिसरण-पंचशील पालीत, मग करणीय मेत्त सुत्त किंवा मंगल सुत्त. मंगल सुत्तात तर 'पूजा च पूजनेय्यानं', पूज्यांची पूजा, हेही मंगल म्हणून सांगितलंय आणि वेळोवेळी धम्म ऐकणं, धम्मावर चर्चा करणं हेही. त्यानंतर हृदय सूत्र किंवा सप्तांग पूजा, शेवटी थोडा वेळ सगळ्यांनी गप्प बसणं. प्रत्येक परंपरेचं थोडं थोडं घेऊन तीन तासांचा संमेलनासारखा कार्यक्रम करण्यापेक्षा एकच पूजा नीट करा आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या परंपरेची करा.

एक मात्र लक्षात ठेवा, काही ध्यान परंपरांमध्ये शिबिराच्या काळात पूजा, मंत्र, अगरबत्ती सगळं बाजूला ठेवायला सांगतात आणि त्यामागे कारण आहे, त्या पद्धतीला तिची पुरती संधी मिळावी. तुमचं केंद्र तसं असेल तर वर्धापन दिनाला ओढून ताणून पूजा आणू नका, एकत्र दीर्घ ध्यान आणि शेवटी मंगल मैत्री (सगळ्यांचं भलं होवो अशी भावना करणं), हाही सामूहिक विधीच आहे.

शिबिरात मौन असतं, मग या दिवशी बोलायचं का?

बोलायचं. मज्झिम निकायात बुद्ध सांगतात की एकत्र जमलात तर दोनच गोष्टी करा, धम्माची चर्चा किंवा आर्य मौन. उपोसथाची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. इतर पंथांचे परिव्राजक ठरावीक तिथींना जमून धर्म सांगतात आणि लोक त्यांच्याकडे जातात हे बघून बिंबिसारानेच बुद्धांना सुचवलं की आपल्या भिक्खूंनीही जमावं. भिक्खू जमले, पण नुसते गप्प बसून राहिले, आणि ऐकायला आलेले लोक चिडले. तेव्हा बुद्धांनी सांगितलं की जमल्यावर धम्म बोला. म्हणून दुपारी भरपूर बोला, जुन्या लोकांना विचारा की सुरुवातीला इथे काय होतं. पूजेच्या आधीच्या तासापासून मौन धरा.

जे आता हयात नाहीत त्यांची आठवण कशी करायची?

सातव्या टप्प्याला जोडून. थेरवादी देशांत पुण्यदान करताना एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात हळूहळू पाणी ओततात आणि म्हणतात, 'यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं', भरलेल्या नद्या जसा सागर भरतात तसं इथून दिलेलं दिवंगतांपर्यंत पोचो. या गाथा तिरोकुड्ड सुत्तातल्या. केंद्रासाठी झटलेल्या, आता नसलेल्या माणसांची नावं इथे जरूर वाचा (सत्काराला नावं नको म्हटलं, इथे हवीत) आणि त्यांच्या घरच्यांना पाणी ओतायला पुढे बोलवा. नंतर ते पाणी बाहेर झाडाच्या मुळाशी घालतात, झाड केंद्रात आधीपासून असेल तर तेच, नसेल तर त्या दिवशी लावा. ही नावं वाचताना घाई करायची नाही, दोन नावांच्या मध्ये एक श्वास जाऊ द्या. दुःख अनावर झालं कोणाला तर होऊ द्या, पूजा त्यासाठीही आहे.

प्रदक्षिणा घालायची का?

जमलं तर नक्की. स्तूप, मूर्ती किंवा हॉल आपल्या उजव्या हाताला ठेवून तीन फेऱ्या, हळू, दिवा किंवा फूल घेऊन. पुढे लहान मुलं आणि वयस्कर ठेवा, म्हणजे वेग आपोआप बरोबर राहतो. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या मार्गाच्या कडेला, आत हॉलमध्ये एकटं सोडू नका.

बौद्ध नसलेल्यांना आणलं तर चालेल?

हो. वाकून नमस्कार, फूल वाहणं, गाथा म्हणणं, कशाचीच सक्ती नाही. मागे शांत बसलं तरी पुरे. फक्त आणणाऱ्याने आधी दोन शब्दांत सांगून ठेवावं काय होणार आहे ते.

मुलं?

मुलांना काम द्या, फुलं वाटायचं, वाडगे भरायचं, घंटा वाजवायचं. काम नसलं की ती कंटाळतात, काम असलं की त्यांच्याइतकं मनापासून कोणी करत नाही. छोटं बाळ रडलं तर बाहेर जाऊन पुन्हा आत या, लाजू नका.

दान मागायचं का त्या दिवशी?

दानपेटी असू द्या, वर्षाचा हिशोब भिंतीवर लावा, पुढच्या वर्षी काय लागणार आहे ते स्पष्ट लिहा. पण पूजेच्या मध्ये आवाहन नको आणि कोणी किती दिलं ते माईकवर वाचायचं तर कधीच नको. दान ही दहा पारमितांमधली (पूर्णत्वाला न्यायच्या गुणांमधली) पहिली, ती देणाऱ्याच्या मनात वाढते, आकडे जाहीर केले की कमी देणारा मान खाली घालून बसतो. श्रम द्यायचे असतील त्यांच्यासाठी वेगळी वही ठेवा, आणि खरं सांगायचं तर बहुतेक केंद्रांना त्याच वहीची जास्त गरज असते.

तारीख कोणती धरायची, पौर्णिमा की कॅलेंडरची?

दोन्ही चालतं. पौर्णिमा घेतली तर उपोसथाशी जुळतं, कॅलेंडरची घेतली तर लोकांना सुट्टी बघून ठरवता येतं. एकदा ठरवलं की दर वर्षी बदलू नका.

लांब आहे, ऑनलाईन जोडलं तर?

जोडा. हॉलमध्ये एकच कॅमेरा, मागच्या बाजूला, कोणाच्या चेहऱ्यावर नाही. घरी समोर एक दिवा लावा, कागद आधी पाठवलेला असेल तो हातात घ्या आणि माईक बंद ठेवून मोठ्याने म्हणा, आवाज मागेपुढे येतो म्हणून बंद, पण म्हणायचं मात्र खरंच. हॉलमध्ये बसलेल्यांनी पूजा चालू असताना फोटो काढू नयेत, मोबाईल सायलेंटवर नाही तर बंद करून पिशवीत.

या दिवशी काही संकल्प करायचा असतो का?

करावा, छोटा आणि करता येण्यासारखा. 'मी रोज दोन तास ध्यान करीन' असला नको. 'पुढच्या वर्षभरात एक शिबिर स्वयंपाकघरात सेवा देईन', 'जो यायचा बंद झालाय त्याला फोन करीन' असला. चिठ्ठीवर लिहून मूर्तीसमोर ठेवायचा, वाचून दाखवायचा नाही. काही केंद्रं त्या चिठ्ठ्या पाकिटात बंद करून पुढच्या वर्धापन दिनाला ज्याची त्याला परत देतात, मला ही पद्धत चांगली वाटते.

सोबत काय आणायचं?

ढिले साधे कपडे, बसायला गुडघ्याखाली घ्यायची उशी लागत असेल तर ती, स्वतःची पाण्याची बाटली, घरच्या झाडाची फुलं असतील तर ओंजळभर. राहणार असाल तर पांघरूण आणि टॉर्च. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवरायला थांबता येत असेल तर येताना नोंदणीच्या वेळीच सांगा, मेण खरवडायला, आसनं उन्हात घालायला आणि सुकलेली फुलं खतात टाकायला माणसं कमी पडतात.